दुसरा ब्रेक

३ तारीख, सोमवार

गाडीने आज पुन्हा मान टाकली. किल्ली फिरवली तर स्टार्टरचा नुसता एक 'टक्', मग शांतता. बॅटरीवर ८.९ व्होल्ट, हवेत साडेबारा. पंधरा दिवसांतली ही चौथी वेळ. शेजाऱ्यांची गाडी आडवी लावून, वायरी जोडून सुरू केली. शेजारी काही बोलले नाहीत, पण आता त्यांच्या न बोलण्यातही बोलणे यायला लागले आहे.

बाबांची ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे आता ही एक बावीस वर्षांची गाडी, तिच्या टपावरची पाटी आणि बाबा. पूर्वी तीन गाड्या होत्या. हिला शिकवणाऱ्याच्या बाजूला, डावीकडच्या सीटपुढे, आणखी एक ब्रेक आहे. खालून दांडा टाकून तो मुख्य ब्रेकला जोडलेला आहे. विद्यार्थी चुकला की बाबा तो दाबतात. सध्या विद्यार्थी एकच, दातांच्या डॉक्टरबाई. त्यांची परीक्षा याच गाडीवर, २८ तारखेला.

संध्याकाळी दादाचा फोन आला. आईने स्पीकरवर टाकला.

"काय मीटरबाई, जीव आहे का त्या डबड्यात?"

मी बॅटरीचा आकडा सांगितला.

"आकडा नको, निकाल सांग. बाबा, किती दिवस लोकांना धक्का मारायला लावणार? गाडी द्या भंगारात आणि दोघं इकडे या. खोली रिकामी आहे, लिफ्ट आहे, अजून काय पाहिजे?"

"लिफ्टमध्ये बसून कुठे जाऊ?" बाबा म्हणाले.

शेवटी ठरले ते असे. २८ तारखेपर्यंत मी दोष शोधला तर शाळा चालू राहील आणि दादा हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही सापडला तर गाडी जाईल आणि आईबाबा दादाकडे राहायला जातील. बाबा लगेच "कबूल" म्हणाले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "हिच्या हातून सुटलंय का कधी काही?"

या वहीत फक्त गाडीच्या नोंदी ठेवणार आहे.

५ तारीख, बुधवार

मी कामावर मोजमापाची यंत्रे तपासते. कारखान्यांतून काटे, मीटर, दाबमापक येतात. ते खरे बोलतात की नाही, एवढेच मी सांगायचे असते. घरची गाडीही त्याच शिस्तीने घ्यायची ठरवली.

बॅटरी उतरण्याची कारणे तीन. ती भरली जात नसेल, तिच्यात भरलेले टिकत नसेल, किंवा गाडी बंद असताना कुठेतरी गळत असेल.

भरणे: इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट. दिवे, पंखा, वायपर सगळे लावून १३.८. बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठीक.

गळती: बाबा गाडीवर जाड कव्हर घालतात आणि त्याबाबतीत कुणाचे ऐकत नाहीत. बोनेट आणि पुढची दारे उघडतील इतकेच कव्हर मागे सारले. आत बसले. मोजण्याआधी प्रत्येक गोष्ट माहीत असलेल्या स्थितीत आणायची, ही माझी सवय. टेप, दिवे, वायपर, पंखा एकदा चालू करून बंद केले. तिन्ही पेडल पूर्ण दाबून सोडली. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मध्ये मीटर लावला. १८ मिलिअँपिअर. हे घड्याळाचे. एवढ्याने बॅटरी महिना-दोन महिने तरी उतरणार नाही.

बाबा शेजारी उभे होते.

"काय म्हणतोय आकडा?"

"समोरच आहे, बाबा."

"तूच वाच. तुझ्या तोंडून बरा वाटतो."

म्हणजे उरली बॅटरी.

६ तारीख, गुरुवार

बाबांच्या ओळखीच्या दुकानात बॅटरी तपासायला नेली. दुकानदाराला सगळे डायनामोकाका म्हणतात. त्यांनी तिच्यावर भार टाकला. काटा पडला नाही. बॅटरी चांगली निघाली, तरीही म्हणाले, "नवीन टाका."

"चांगली आहे म्हणालात ना?"

"चांगली आहे. पण मनातून गेलीय."

हे निदान मला मान्य नाही. पण बाबांनी तोवर नवीन बॅटरी उचलून डिकीत ठेवली होती. डिकीच्या कडेला आपटून त्यांची डाव्या हाताची बोटे सोलली. घाई कशाला करतात कळत नाही.

९ तारीख, रविवार

बाबांनी आज आपणहून एक लक्षण सांगितले, आणि ते महत्त्वाचे आहे.

"दिवे मंद झालेत गं. परवा संध्याकाळी येताना पुढचं धड काही दिसेना. आणि समोरच्या मीटरमधला उजेडही गेलाय."

मग आधी का नाही सांगितले? मंद दिवे म्हणजे कुठेतरी व्होल्ट खाल्ले जात आहेत. मोजले. बॅटरीपाशी १४.१, हेडलाइटपाशी १२.७. जुन्या स्विचमध्ये आणि बारीक वायरीत १.४ व्होल्ट वाया. दिवसभर खपून दोन रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, बसवले आणि दिव्यांना थेट बॅटरीपासून जाड वायर दिली. आता लाइटपाशी १३.९. कामावरून उजेड मोजायचे यंत्र आणले होते. पूर्वीपेक्षा जवळजवळ दीडपट. समाधान वाटले.

बाबांना आत बसवून शेडच्या भिंतीवर उजेड पाडला. ते बराच वेळ पाहत राहिले.

"उजळ झालं ना?"

"हो हो. बरंच."

"किती वाटतंय?"

"आता तेही मीच सांगायचं? आकडा तुझ्याकडे आहे की."

तक्रार मिटली. नंतर त्यांनी पुढची काच आतून पुसली, बाहेरून पुसली, परत आतून पुसली. जुन्या काचेवर तेलकट थर धरतो. त्यासाठीचे द्रावण उद्या आणते.

चहाच्या वेळी आईने त्यांचा कप उजवीकडे ठेवला. डावीकडे ठेवला की धक्का लागतो, म्हणाली. गेल्या महिन्यात दोन फुटले. वय झाले की माणसाला एकाच बाजूची सवय लागत असावी.

१२ तारीख, बुधवार

नवी बॅटरी सकाळी ९.२ व्होल्टवर. डायनामोकाकांना हे कळवायचा मोह आवरला.

डॉक्टरबाई ठरल्या वेळी दारात हजर. मी रजा टाकली होती, म्हणून भेट झाली.

"आजपण सुट्टी का, सर? माझे पेशंट असले बहाणे करतात. आज काय तर विजेचा, उद्या काय तर मांजरीचा."

"गाडीची तब्येत बरी नाही, मॅडम."

"मग मुलीला दाखवा. नाहीतर मला दाखवा, मी मुळापासून काढते."

बाबा चहा सांगायला आत गेले तसा त्यांनी आवाज खाली केला. "एक सांगू? तुझे बाबा शिकवतात झकास. तीस वर्षांत माझ्या नवऱ्याला जमलं नाही ते यांनी केलं, मला गिअर कळायला लागले. पण हल्ली गाडी तेच चालवतात. मी नुसती स्टिअरिंगला हात लावून बसते. कागदाचा कपटा उडाला, ब्रेक. झाडाची सावली आली, ब्रेक. काल शेडमध्ये गाडी लावताना असा करकचून दाबला की माझी दातखीळ बसली. भिंत अजून हातभर लांब होती!"

बाबा आतून म्हणाले, "भिंतीचा दात पडला असता, मॅडम."

"ऐकू येतंय म्हणजे यांना! मी म्हटलं, चहा चाललाय."

सगळे हसले. ही तक्रार शिकवण्याच्या पद्धतीबद्दलची आहे, विजेशी तिचा संबंध नाही. नोंदीतून वगळते.

१४ तारीख, शुक्रवार

आधीच्या तारखा एकाखाली एक मांडल्या. शिकवणी झाली की दुसऱ्या सकाळी बॅटरी उतरते. दर वेळी नाही, पण उतरते ती शिकवणीनंतरच. मी एकटी गाडी चालवते तेव्हा कधीच नाही. परवा आणि काल तोच रस्ता, तेवढाच वेळ चालवून पाहिले. शेडमध्ये लावली, कव्हर घातले. सकाळी १२.६. नव्या नवरीसारखी सुरू झाली.

मध्यंतरी दोनदा शिकवणीनंतर, कामावरून आल्या आल्या गळती मोजली. दोन्ही वेळा १८. म्हणजे मोजते तेव्हा दोष नसतो, झोपते तेव्हा असतो. असे यंत्र मी आजवर पाहिलेले नाही.

बाबांना विचारले, "माझ्या चालवण्यात आणि शिकवणीत फरक काय?"

"गाडी तीच, रस्ता तोच."

"मग?"

"मग एवढंच की तू उत्तम चालवतेस."

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "एकदा त्यांच्याबरोबर मागे जाऊन बस की."

"चालत्या गाडीत गळती मोजता येत नाही, आई."

"मीटर घेऊन जा म्हटलं का मी?"

तिला विजेतले कळत नाही आणि मला ते दर वेळी समजावून सांगायचा कंटाळा येतो.

१७ तारीख, सोमवार

सापडला.

आज काम लवकर आटोपले. घरी आले तेव्हा शिकवणी होऊन तासाभराचा वेळ झाला असेल. शेडच्या पलीकडच्या भिंतीवरच्या फळीवरून नट-बोल्टचे पाने घ्यायचे होते. गाडीचा मागचा भाग आणि शटर यांच्यामधून अंग चोरून जावे लागते. जाताना तोल सावरायला कव्हरवर हात टेकला. कव्हर कोमट लागले. इंजिन पुढे आहे. मागे कोमट लागायचे कारण नाही. हात फूटभर सरकवला, तिथे थंड. परत आणला, कोमट.

कव्हर उचलले. दोन्ही ब्रेकलाइट लाल, भरभरून पेटलेले. गाडीत कुणी नाही, किल्ली घरात खिळ्याला.

या वेळी कशालाही हात लावला नाही. वायर न तोडता वरून धरायचा मीटर आणून बॅटरीच्या वायरीला लावला. ३.६ अँपिअर. रात्रभरात कुठलीही बॅटरी झोपेल. मग खिडकीतून टॉर्च मारून पाहिले. डावीकडचा, बाबांचा ब्रेक पूर्ण वर आलेला नव्हता. नखाच्या जाडीएवढा खाली अडकला होता. त्याने दांड्यावाटे मुख्य ब्रेकही तेवढाच खाली धरला होता. चाके धरायला एवढे पुरत नाही, दिवे लागायला पुरते. बोट घालून तो वर उचलला. 'टक्' झाले आणि दिवे विझले.

आता सगळे जुळते. दुसरा ब्रेक जोरात दाबला तरच अडकतो. मी एकटी असते तेव्हा तो कुणी दाबतच नाही. पेटलेले दिवे कव्हरखाली, तेही मागच्या बाजूला. मी कव्हर पुढूनच सारते. आणि मोजण्याआधी तिन्ही पेडल दाबून सोडते. मुख्य ब्रेक दाबला की त्या झटक्याने दुसराही सुटतो. म्हणजे दर वेळी दोष मीच मिटवत होते आणि मग मीटर लावून दोष नाही म्हणत होते.

आमच्या कामाचा पहिला नियम आहे. वस्तू जशी आली तशी आधी नोंदवायची, हात नंतर लावायचा. नव्याने येणाऱ्यांना हा नियम मीच शिकवते.

बाबांनी ताबडतोब दादाला फोन लावला. "सापडला! साधी स्प्रिंग निघाली. सांगितलं नव्हतं? आता तुझ्या लिफ्टमध्ये तूच फिर." दादा मनापासून हसला. मला म्हणाला, "जिंकलीस, मीटरबाई. दिला शब्द पाळतो."

 आईने माझ्या हाताला लागलेले काळे पुसायला फडके दिले.

१८ तारीख, मंगळवार

दुसरा ब्रेक खोलला. स्प्रिंग ताणून सैल झालेली. ज्या खिळीवर पेडल फिरते तिचे भोक गोल न राहता अंड्यासारखे झालेले. पेडलवरचे रबर झिजून आतले लोखंड दिसते आहे. शेजारचा मुख्य ब्रेक मात्र चांगला आहे. त्याच्या रबरावरची नक्षीसुद्धा शाबूत.

हे दोन्ही ब्रेक मी गेल्या वर्षी एकाच दिवशी नवे केले होते.

"बाबा, हा एवढा कसा झिजला?"

"रबर हल्ली चांगलं येत नाही."

"दोन्ही एकाच दुकानातली आहेत."

"एखादं निघतं तसं," म्हणाले आणि हात धुवायला गेले. हात स्वच्छ होते.

नवी स्प्रिंग, नवी खीळ, नवे रबर. वीसदा करकचून दाबून पाहिले. प्रत्येक वेळी पूर्ण वर येतो. गाडीचे काम संपले. नोंद इथे थांबवायला हरकत नाही.

१९ तारीख, बुधवार

थांबवता येत नाही. झिजलेला भाग दुरुस्त केला म्हणजे झिजण्याचे कारण सापडले असे नव्हे. शिकवण्यासाठी असलेला ब्रेक मुख्य ब्रेकपेक्षा जास्त कसा वापरला जाईल? डॉक्टरबाई १२ तारखेला जे बोलल्या ते मी वगळले होते. ते परत वाचले. मग त्याआधीची, ९ तारखेची नोंद वाचली. दिवे दीडपट उजळ झाल्यावर बाबा "बरंच" म्हणाले होते. पण ते माझ्याकडे पाहून म्हणाले होते, भिंतीकडे पाहून नाही.

उद्या मागे बसून जाणार आहे. मीटर न घेता.

२० तारीख, गुरुवार

"आज तपासनीससुद्धा आल्यात वाटतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सर, आता तुम्हालाच परीक्षा."

"स्प्रिंग नवी आहे. ती पाहायला बसलीय," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या पायाकडे पाहत होते. तो ब्रेकवरून क्वचितच हलला. रिकाम्या चौकात दाबला. कडेला उभ्या टेंपोजवळ दाबला. रस्त्यावर काही नव्हते तिथेही दाबला. डॉक्टरबाई दर वेळी "सर!" म्हणायच्या आणि ते "सावध असलेलं बरं" म्हणायचे.

मग डावीकडच्या गल्लीतून एक बाई सायकल हातात धरून चालत आली. मी तिला लांबूनच पाहिले होते. डॉक्टरबाईंनीही पाहिले, कारण त्यांचा पाय ब्रेककडे गेला. बाबांचा पाय मात्र त्याच वेळी वर उचललेला होता. तो तसाच राहिला. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. रिकामा रस्ता पाहणाऱ्या माणसाचा चेहरा. गाडी थांबली आणि ती बाई बोनेटसमोर आली, तेव्हा ते दचकले आणि त्यांनी ब्रेक दाबला. तो डॉक्टरबाईंनी आधीच दाबलेला होता.

"कुठून आली ही?"

"डावीकडून, सर. केव्हाची येत होती."

 मग बाबा म्हणाले, "छान थांबवलीत, मॅडम." आवाज नेहमीसारखाच होता.

२१ तारीख, शुक्रवार

नोंद नाही.

२३ तारीख, रविवार

दुपारी बाबा शेडमध्ये गाडी पुसत होते. मी जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले. काय बोलायचे ते मनात नीट लावून ठेवले होते. तोंडून वेगळेच निघाले.

"बाबा, ती सायकलवाली तुम्हाला दिसली नाही."

ते फडके पिळत राहिले. मला वाटले, आता रबराबद्दल बोलतील. पण दार उघडून ते डावीकडच्या सीटवर येऊन बसले.

"माणसं डावीकडून एकदम उगवतात," ते म्हणाले. "आधी नसतात, मग असतात. समोरचंसुद्धा मधेच विरतं. सुरुवातीला वाटलं, काच. मग वाटलं, दिवे. तू दिवे केलेस त्या दिवशी मला पक्कं कळलं."

"तुम्ही म्हणालात, उजळ झालं."

"तू दिवसभर राबलीस. काय सांगणार होतो?"

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. म्हणून आधीच दाबून ठेवतो. दिसो न दिसो. दाबलेला ब्रेक कुणाच्या जिवावर उठत नाही, पोरी."

"परवा दाबलेला नव्हता."

 रस्त्यावरून कुणीतरी गेले, त्याची सावली शटरखालून सरकली. त्यांनी तिकडे पाहिले नाही.

"आईला माहीत आहे?"

"तिनं कप उजवीकडे ठेवायला सुरुवात केली. मी कारण विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही." मग म्हणाले, "हे बघ, २८ तारीख पाच दिवसांवर आहे. मॅडमची परीक्षा होऊ दे. एवढे चार-पाच दिवस. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. दादाला कळलं तर तो उद्याच ट्रक घेऊन येईल. दोष सापडला, शाळा राहिली, हे तूच तर जिंकून दिलंस मला."

ते खरे आहे. मीच जिंकून दिले. शाळा गेली तर ते कशाला उठतील सकाळी, हेही मला माहीत आहे. एरवी मी अशा वेळी आवाज न चढवता काहीतरी मधले सुचवते आणि सगळे सुरळीत होते. आज मला मधले काही सुचले नाही.

"विचार करते," एवढेच म्हणाले. उठून घरात आले.

२४ तारीख, सोमवार

सकाळी कामावर न जाता शेडमध्ये गेले. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, गुंडाळून खिशात ठेवली आणि बाबा पाटी पुसायला येईपर्यंत तिथेच थांबले. त्यांनी आपले आपण शोधावे असे मला नको होते.

"गाडी आज सुरू होणार नाही," मी म्हणाले. "वायर मी काढलीय."

त्यांनी बोनेटकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझा चेहरा त्यांना किती दिसत होता कुणास ठाऊक.

"दोष शोधायला ठेवली होती तुला," ते म्हणाले. "आणि आता तूच दोष घालतेस?"

"हो."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर वायर देणार नाही. आणि दादाला मी सांगेन. तो म्हणेल ते होईल. पण डॉक्टरबाई तुमच्या भरवशावर रस्त्यावर जातात, बाबा. त्यांना वाटतं तुम्ही पाहताय."

ते पुढच्या मडगार्डवर टेकले.  हातातले फडके त्यांनी घडी घालून ठेवले, उघडले, परत घडी घातली. मला वाटले ते चिडतील. चिडले असते तर बरे झाले असते.

"उद्धट झालीस," शेवटी म्हणाले. "अगदी माझ्यासारखी शिकवतेस. आधी ब्रेक, मग बोलणं."

डॉक्टरबाई आल्या तेव्हा बाबांनी मला बोलू दिले नाही. दारातच उभे राहून स्वतः सांगितले. "मॅडम, मला डावीकडचं दिसत नाही. वर्षभर दिसत नाही. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. मी तयारीत होते, त्या काय बोलतील याच्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मीच चालवत होते?"

"परवा तर तुम्हीच. सायकलच्या वेळी."

"मग मला येतं की, सर."

"येतं ना. म्हणूनच म्हणतो, पलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या त्या मिशीवाल्याकडे जा. फुशारक्या मारतो, पण नजर चांगली आहे त्याची. मी बोलतो त्याच्याशी."

बोललेही. ज्या माणसाशी त्यांनी दहा वर्षे नमस्काराचाही व्यवहार ठेवला नव्हता, त्याला फोन लावून म्हणाले, "माझी एक विद्यार्थिनी आहे. चांगली तयार आहे. तिला बिघडवू नकोस."

२६ तारीख, बुधवार

डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. बाबा, आई आणि मी. बाकावर बसल्या बसल्या बाबांनी दादाला फोन केला. मला वाटले होते, ते मला करायला लावतील.

"ऐक. गाडी चालू आहे. दोष सापडला, तो मिटला. पण शाळा बंद करतोय... नाही, गाडीमुळे नाही, माझ्या डोळ्यांमुळे... तू ओरडू नकोस, इथे पाटी लावलीय शांतता राखा म्हणून... गाडी तुझी बहीण चालवेल. आम्ही कुठेही येत नाही. रस्ता दिसत नसला तरी घर पाठ आहे मला."

दादा पलीकडून बराच वेळ बोलत होता. बाबा "हं, हं" करत होते. शेवटी म्हणाले, "सुट्टीत ये. आणि लिफ्टसारखा वर-खाली करत राहू नकोस, चार दिवस राहा."

मग त्यांना आत बोलावले. नजरेचा आवाका मोजणारे यंत्र होते. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या वाटीसारख्या घुमटापुढे हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्याकडे पाहत राहायचे. आजूबाजूला बारीक दिवे एकेक करून लागतात. दिसला की हातातले बटण दाबायचे. दार लोटलेले होते, पण आवाज येत होता. यंत्राची बारीक घरघर, म्हणजे दिवा लागला. मग बटणाचा टक्. घरघर, टक्. घरघर, टक्. आईने माझ्याकडे आशेने पाहिले. मला ते टक् फार नियमित वाटले. एकदा तर घरघरीच्या आधीच वाजले.

यंत्र थांबले. तपासणाऱ्या मुलीचा आवाज आला, "काका, हे सगळं बाद झालं. दिवा नसतानाही तुम्ही बटण दाबताय."

"सवय आहे."

"सवय नको. दिसल्यावरच दाबा. नाही दिसलं तर नाही दाबायचं, त्यात काही चूक नाही. परत पहिल्यापासून घेऊ?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "घ्या."

घरघर. टक्. घरघर. टक्. घरघर. मी वाट पाहिली. घरघर. आई बाकाची कड धरून बसली होती. मला आत जाऊन सांगावेसे वाटले की आता लागलाय, बाबा, आता लागलाय. उठले नाही. घरघर. घरघर. दिवे एकामागून एक लागत होते, मला ते ऐकू येत होते. बाबा आत अंधारात अगदी स्थिर बसले असतील. त्यांनी एकदाही उगाच बटण दाबले नाही.